जॉर्ज टाउनची पाटी आणि संगणकातले ‘फायनल’

२०२४ च्या मध्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून एक सुखद बातमी आली. अनिंद सिन्हा आणि अर्णब प्रिय साहा हे दोन भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रिंग सिद्धांतातील कणांच्या टकरींचा हिशेब मांडत होते. त्या हिशेबातून ‘पाय’ या स्थिरांकाची, म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराची, एक नवी मालिका हाती लागली. या मालिकेत लॅम्डा नावाची एक मोकळी राशी आहे. तिची किंमत बदलली की प्रत्येक पद बदलते, बेरीज मात्र पायच राहते. लॅम्डा अनंताकडे नेली, की केरळच्या माधवाची सुमारे सहाशे वर्षांपूर्वीची मालिका मिळते. माधवाच्या मालिकेने १० दशांश स्थळे गाठायला ५ अब्ज पदे लागतात. लॅम्डा १० ते १०० च्या दरम्यान ठेवली, तर सुमारे ३० पदे पुरतात.

एक बाजू हवी तशी हलवावी आणि दुसरी तसूभरही ढळू नये, हे गणितातील स्थिरांकाचे लक्षण आहे. संगणकाच्या भाषेतही ‘स्थिरांक’ असतात, पण त्यांची स्थिरता निराळ्या जातीची असते. तिथे एखादी किंमत बदलू नये म्हणून मुद्दाम कुलूप घालावे लागते. या दोन स्थिरतांमधील अंतर समजून घ्यायचे, तर चेन्नईच्या जॉर्ज टाउनपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेस वसलेल्या या वस्तीला इंग्रज पूर्वी ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी पाचव्या जॉर्जच्या नावावरून तिचे नामांतर झाले. पूर्वेला बंदर, मधून जाणारा ब्रॉडवे आणि त्याला फुटलेल्या अरुंद गल्ल्या. त्यांपैकी सैव मुथय्या मुदली स्ट्रीटवरील एका लहानशा घरात १९१२ साली श्रीनिवास रामानुजन राहत होते. त्या वर्षीच्या १ मार्चला ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात कारकून म्हणून रुजू झाले. पगार महिना ३० रुपये. दिवसा बंदराचे हिशेब, उरलेल्या वेळी स्वतःचे.

रामानुजन यांची काम करण्याची रीत प्रसिद्ध आहे. कागद महाग, म्हणून सारे गणित पाटीवर. लिहायचे, कोपराने पुसायचे, पुन्हा लिहायचे. मनाजोगे उत्तर निघाले, की तेवढेच वहीत उतरवायचे. पाटीवरचे सर्व काही बदलण्यासाठी होते. वहीतले मात्र कायमचे. प्रोग्रामरच्या परिभाषेत पाटी म्हणजे चल राशींची जागा आणि वही म्हणजे स्थिरांकांची. या व्यवस्थेत एकच उणीव होती. उत्तर कशावरून खरे मानायचे, ते पाटीबरोबर पुसले जाई.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पोर्ट ट्रस्टच्या पत्त्यावरून ते सुप्रसिद्ध पत्र लिहिले. त्यात आपले वय त्यांनी २३ च्या आसपास असल्याचे कळवले. प्रत्यक्षात ते २५ होते. पत्रातील सूत्रांमध्ये एक विधान असे होते: दिलेल्या मर्यादेपर्यंत किती संख्या स्वतः वर्ग असतात किंवा दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येतात? १३ म्हणजे ४ अधिक ९, म्हणून १३ चालते. ७ चालत नाही. अशा संख्यांची मोजदाद करणाऱ्या सूत्रात त्यांनी ०.७६४ ने सुरू होणारा एक स्थिरांक दिला होता. तो अचूक होता. जर्मनीच्या एडमुंड लांडाउ यांनी १९०८ मध्येच तो सिद्ध केला होता, हे जॉर्ज टाउनमधल्या कारकुनाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज तो लांडाउ-रामानुजन स्थिरांक म्हणून ओळखला जातो. मात्र आपल्या सूत्रात राहणारी चूक अत्यल्प आहे, हा रामानुजन यांचा दावा पुढे टिकला नाही. स्थिरांक बरोबर होता. त्याच्या भोवतीची हमी चुकली होती.

१९१४ च्या मार्चमध्ये रामानुजन इंग्लंडला निघाले आणि त्याच वर्षी पायच्या आसन्न किमतींवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एक भागिले पाय या राशीच्या १७ मालिका आहेत. सर्वांत गाजलेल्या मालिकेत ९८०१, ११०३, २६३९० आणि ३९६ हे आकडे येतात आणि तिचे प्रत्येक पद सुमारे ८ अचूक अंक देते. हे आकडे कुठून आले, याचे विवरण निबंधात फारसे नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या विल्यम गॉस्पर यांनी याच मालिकेवरून पायचे १ कोटी ७५ लाखांहून अधिक अंक संगणकावर काढले, तेव्हाही ती सिद्ध झालेली नव्हती. आधी ज्ञात असलेल्या अंकांशी उत्तर जुळले, म्हणून विश्वास बसला. १९८७ मध्ये जोनाथन आणि पीटर बोरवाइन या बंधूंनी तिची सिद्धता दिली. वह्यांतील इतर हजारो विधानांची छाननी करून ब्रूस बर्न्ट यांनी १९८५ ते १९९८ या काळात पाच खंड प्रसिद्ध केले. पाटीवरून जे पुसले गेले, ते पुन्हा लिहायला जगाला इतकी वर्षे लागली.

संगणकाला या इतिहासातील वही तेवढी कळते. त्याच्या दृष्टीने पाय ही स्मृतीतील एका जागी ठेवलेली किंमत असते, आणि तिथली किंमत पुसता येते. फोरट्रान भाषेच्या सुरुवातीच्या काही कंपायलरांमध्ये हे अक्षरशः घडत असे. ४ हा साधा आकडा एखाद्या उपप्रोग्रामकडे पाठवला, आणि उपप्रोग्रामने त्याच्या जागी ५ लिहिले, तर पुढे प्रोग्राममध्ये जिथे जिथे ४ लिहिला असेल, तिथे तिथे ५ वापरला जाण्याची शक्यता असे. पत्ता आकड्याचा जाई. आकडा आणि त्याची जागा यांत भेद नव्हता. १९७० मध्ये निकलाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेने स्थिरांकांसाठी स्वतंत्र घोषणा दिली. पुढे सी-प्लस-प्लसमध्ये आणि तिच्यामार्फत प्रमाणित सी भाषेत ‘कॉन्स्ट’ हा शब्द आला.

याच सुमारास प्रोग्रामची मांडणीही बदलत होती. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेने क्लास आणि त्याचा वारसा ही कल्पना रुजवली. एक क्लास लिहावा, दुसऱ्याने त्याचे गुण वारशाने घ्यावेत, काही स्वतःचे घालावेत, काही बदलावेत. सोय मोठी होती. धोका तिच्याच पोटात होता. जिथे मूळ क्लासची अपेक्षा आहे, तिथे त्याचा वारसदार चालतो. वारसदाराने मूळ वागणूक बदलली असेल, तर घेणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. वारसदार मूळ क्लासच्या जागी बिनधोक ठेवता आला पाहिजे, हे तत्त्व बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडले. पण तत्त्व सांगणे वेगळे आणि ते पाळायला लावणे वेगळे.

१९९६ च्या जानेवारीत जावाची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात यासाठी ‘फायनल’ हा एकच शब्द तीन कामांना जुंपला होता. चल राशीपुढे लिहिला, की तिला एकदाच किंमत देता येते. मेथडपुढे लिहिला, की वारसदाराला ती नव्याने लिहिता येत नाही. क्लासपुढे लिहिला, की त्या क्लासला वारसच राहत नाही. जावातील पाय ‘मॅथ’ नावाच्या क्लासमध्ये ठेवलेला आहे. तो स्वतः फायनल, त्याला सांभाळणारा क्लासही फायनल, आणि त्या क्लासची वस्तू बाहेरून कोणाला निर्माणही करता येत नाही.

विद्यार्थ्यांची हमखास गफलत इथे होते. फायनल म्हणून ठेवलेले नाव एखाद्या यादीकडे बोट दाखवत असेल, तर ते बोट दुसरीकडे वळवता येत नाही; यादीतील नोंदी मात्र खुशाल बदलता येतात. कुलूप नावाला असते, आतल्या सामानाला नव्हे. संपूर्ण अपरिवर्तनीयता हवी, तर वस्तूची सारी अंतर्गत माहिती बंद ठेवावी लागते, ती बदलणारी एकही मेथड देता येत नाही, आणि वारसदारालाही मागच्या दाराने आत शिरू द्यायचे नसते. म्हणून अपरिवर्तनीयता आणि वारसाबंदी एकत्र नांदतात.

जावाच्या ‘स्ट्रिंग’ क्लासमध्ये हे पहिल्यापासून साधले. फाइलचे नाव स्ट्रिंग म्हणून येते. प्रणाली परवानगी तपासते आणि मग फाइल उघडते. तपासणी आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणी ते नाव बदलता आले, तर सुरक्षेला अर्थच उरत नाही. स्ट्रिंग अपरिवर्तनीय आणि वारसाला बंद असल्यामुळे ती फट बुजली.

गणिताशी अधिक जवळच्या दोन क्लासांच्या बाबतीत मात्र चूक झाली. पायचे हजारो अंक काढायचे, तर जावात ‘बिगइंटिजर’ आणि ‘बिगडेसिमल’ यांचा आधार घ्यावा लागतो. ते १९९७ च्या १.१ आवृत्तीत या रूपात आले. त्यांच्या वस्तू अपरिवर्तनीय असाव्यात असाच हेतू होता, पण क्लासपुढे फायनल लिहिले गेले नाही. त्यामुळे कोणीही वारसदार तयार करून, बाहेरून बिगडेसिमल दिसणारी आणि आतून बदलणारी वस्तू पुढे करू शकतो. अपरिवर्तनीय क्लासला वारसाबंदीही हवी, हे ते लिहिले गेले तेव्हा पुरेसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, अशी कबुली जावाच्या ग्रंथालयांचे एक शिल्पकार जोशुआ ब्लॉक यांनी आपल्या पुस्तकात दिली आहे. चूक उमगली तोवर त्या क्लासांचा वारसा घेणारे प्रोग्राम जगभर लिहिले जाऊ शकत होते; दार बंद केले असते, तर ते मोडले असते. म्हणून दार आजही उघडे आहे. परक्याकडून आलेली अशी संख्या घेताना तिचा खरा क्लास तपासा आणि शंका असल्यास स्वतःची प्रत करून घ्या, असा सल्ला त्यांना द्यावा लागला. वारसा मागाहून देता येतो. दिलेला परत घेता येत नाही. पुढे कोटलिन भाषेने प्रत्येक क्लास मुळातच बंद धरला, आणि २०२१ च्या जावा १७ मध्ये ‘सील्ड’ क्लास कायमचे दाखल झाले: वारस कोण, त्यांची यादी मूळ क्लासनेच जाहीर करायची.

इतकी कुलपे घातल्यावर तरी आतला पाय खरा असतो का? जावातील पाय खऱ्या पायशी पहिल्या १५ दशांश स्थळांपर्यंतच जुळतो. तो बदलत नाही, इतकेच. याची परीक्षा घेणारी एक संख्या रामानुजन यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. १६३ च्या वर्गमूळाला पायने गुणून, आलेला घात ‘ई’ या संख्येला द्यावा. उत्तर एक १८ अंकी पूर्णांक येईल असे वाटते. प्रत्यक्षात दशांश चिन्हानंतर ओळीने १२ नऊ येतात आणि मग साखळी तुटते. संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्या या उंचीवर ३२-३२ च्या टप्प्यांनी मांडलेल्या असतात. त्यामुळे ही संख्या पूर्णांक आहे की नाही, हा प्रश्नही तिथे विचारता येत नाही. गंमत अशी, की ‘रामानुजन स्थिरांक’ हे तिचे नाव मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधील एप्रिल फूलच्या लेखामुळे रूढ झाले. चार्ल्स हर्मिट यांनी ती १८५९ मध्येच हेरली होती. रामानुजन यांच्या १९१४ च्या निबंधात २२, ३७ आणि ५८ यांपासून मिळणाऱ्या तशाच संख्या आहेत.

स्थिरांकाला आणखी एक गोष्ट लागते: त्याच्या सत्तेची हद्द. याच मद्रासमध्ये १९४९ च्या गणित परिषदेत देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या मांडली. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे ६१७४ च. सारे अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येऊन थांबते. पण चार अंकांऐवजी तीन घेतले, की मुक्काम ४९५ वर हलतो. ६१७४ अढळ आहे, पण आपल्या हद्दीत.

भौतिकशास्त्रात तर हद्दीबरोबर तारीखही लागते. प्लँकचा स्थिरांक २० मे २०१९ पासून व्याख्येनेच नेमका ठरवला गेला. त्याआधी तो मोजला जाई. गुरुत्व स्थिरांक आजही मोजलाच जातो: २०१४ च्या अधिकृत शिफारशीत तो ६.६७४०८ ने सुरू होता, २०१८ मध्ये ६.६७४३० झाला. अशी किंमत जावात फायनल म्हणून लिहिली, की कंपायलर ती वापरणाऱ्या प्रत्येक क्लासमध्ये तिची प्रत उतरवतो. मूळ क्लास सुधारला, तरी पुन्हा कंपाइल न केलेले क्लास जुन्याच आकड्यावर चालत राहतात, आणि तक्रार कोणीच करत नाही. म्हणूनच जावाचे अधिकृत विनिर्देशपत्र सांगते, की खरोखरचे गणिती स्थिरांक वगळता इतर किमती सर्वांसाठी अशा रीतीने जाहीर करताना जपून असावे.

प्रोग्रामिंग शिकताना ‘फायनल’ लिहिणे ही एका ओळीची सवय वाटते. तिच्यामागे तीन प्रश्न उभे असतात. ही किंमत कोणापासून जपायची आहे? तिची हद्द कोणती? आणि ती खरी कशावरून? पहिल्याचे उत्तर भाषा देते, दुसऱ्याचे अर्धेमुर्धे देते, तिसऱ्याचे देत नाही. ते लिहिणाऱ्यालाच किंमतीशेजारी नोंदवून ठेवावे लागते: कुठून घेतली, कोणत्या वर्षीची, किती अंकांपर्यंत विश्वासार्ह. सैव मुथय्या मुदली स्ट्रीटवरच्या त्या घरात कागद परवडत नव्हता, म्हणून कारणे पाटीवरून पुसली गेली. आजच्या प्रोग्रामरला दोन ओळींच्या टिपेसाठी कागदही लागत नाही.