काचेच्या नळीतला आवाज
१९३०च्या दशकात काँग्रेसच्या सभांमध्ये मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे लागले आणि दूरच्या श्रोत्यालाही वक्ता ऐकू येऊ लागला. त्यामागे होता व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा अँप्लिफायर. सभेत आवाज फाटणे हा दोष. पुढे गिटारवाल्यांनी तोच गुण मानला, म्हणून अशा अँप्लिफायरच्या पेट्यांना आज पुन्हा मोल आहे. एखाद्या माळ्यावरून अशी पेटी निघाली, तर ती दुरुस्त करावी की जशीच्या तशी जपावी? सुटे भाग बदलले की इतिहास पुसला जातो, असा आक्षेप असतो. मला तो पटत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मुळातच झिजणारा भाग. तो वाळला की आधी घरघर येते, मग शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो, आणि पेटीचा खरा ऐवज तोच. वाड्याची तुळई राखायची तर कौले बदलावीच लागतात. मात्र घाईने प्लग लावू नये: आधी बल्ब सिरीजमध्ये जोडून पाहावे, आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरू शकतात हे जाणणाऱ्यानेच आत हात घालावा. काढलेले भाग पाकिटात घालून पेटीतच ठेवावेत.