नागपूरची प्रभाग समिती

नागपुरात नगरपालिका आली ती १८६४ साली आणि तिची महानगरपालिका झाली १९५१ साली. बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे पहिले महापौर. म्हणजे नगरसेवक निवडण्याची सवय आपल्याला जुनीच. परंतु गटाराचे फुटके झाकण वा नळाचे गढूळ पाणी सिव्हिल लाइन्समधील मुख्यालयातून दिसत नाही. त्यासाठी वस्तीजवळचे सभागृह हवे, हे मान्य व्हायला १९९२ सालची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती यावी लागली. तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे तिने ठरविले. १ जून १९९३ पासून ती अमलात आली. महाराष्ट्राच्या कायद्याने या समितीत नगरसेवकांसोबत सेवाभावी संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींनाही स्थान दिले. आमच्या मते हीच त्यातली मोलाची तरतूद. (आपल्या धर्मग्रामांतील किती मंडळांना तिची वार्ता आहे?)

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. नगरसेवक नाहीत, म्हणून समितीही नाही! झोन कार्यालये उघडी होती, अर्जही स्वीकारले जात. पण ‘काम का झाले नाही?’ असे भर सभेत विचारणारे, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत, कोणीच नव्हते.