एक ना धड?

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे आपण सहज म्हणतो. व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा इतिहास मात्र या म्हणीला सरसकट मान डोलावत नाही. फिलिप्सचे १९९१ चे सीडी-आय हे यंत्र खेळ, गाणी, ज्ञानकोश सारेच देऊ पाहत होते. ते घरोघरी रुजलेच नाही. पण २००० साली आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन २ वर खेळांबरोबर डीव्हीडीवरचे चित्रपटही पाहता येत. डीव्हीडी प्लेअर तेव्हा महाग होते. एका खर्चात दोन कामे झाली आणि १५ कोटींहून अधिक यंत्रे खपली. निन्टेन्डोचे गेमक्यूब (२००१) निव्वळ खेळाला वाहिलेले. ते सव्वादोन कोटींच्या आतच राहिले. म्हणजे एकनिष्ठा हरली? नाही. त्याच निन्टेन्डोचे ‘वी’ २००६ मध्ये डीव्हीडीविनाच आले आणि हात हलवून खेळण्याच्या सोयीवर १० कोटींपलीकडे गेले. उलट २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनचा टीव्हीसाठी गाजावाजा केला, सोबत किनेक्ट कॅमेरा गळ्यात मारला. किंमत ४९९ डॉलर. प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन ४ चे ३९९. पुढच्याच वर्षी कॅमेरा वगळून किंमत उतरवावी लागली.

तेव्हा कामे किती, हा प्रश्नच गौण. जोडलेले काम घराला हवे होते का, आणि त्याचा भार मूळ कामावर पडला का, एवढेच इतिहास विचारतो.