चौदा हजार वर्षांपूर्वीचे पिल्लू

इतिहास म्हटला की राजे आणि लढायाच आठवतात. मी एका कुत्र्याच्या पिल्लाविषयी लिहीत आहे.

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत मजुरांना एक पुरुष व एक तरुण स्त्री यांचे सांगाडे सापडले. अंगावर तांबडा रंग घालून, वर दगड रचून त्यांना पुरलेले होते. शेजारची जनावराची हाडे लांडग्याची समजून तशीच ठेवली गेली. पुढे १९७० नंतर पुन्हा पाहिली, तेव्हा जबडा कुत्र्याचा निघाला. हाडांत टिकून राहिलेल्या डी.एन.ए.ने, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या वंशाच्या खुणेनेही, तीच साक्ष दिली.

२०१८ साली लुक यान्सेन्स या पशुवैद्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना दातांच्या कवचावर आडव्या रेघा दिसल्या होत्या. दात वाढत असताना मोठे दुखणे आले की अशा रेघा उमटतात. त्यावरून पिल्लाला पाचव्या महिन्याच्या सुमारास डिस्टेंपर झाला असावा, असे ते म्हणतात. ताप, ओकाऱ्या, जुलाब, पुढे झटके! निगा राखली नाही तर असे पिल्लू तीन आठवडेही जगत नाही. हे त्याहून पुष्कळ अधिक जगले. सात महिन्यांचे होऊन गेले.

म्हणजे कोणीतरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली, घाण पुसली. ते शिकारीच्याही कामाचे नव्हते, राखणीच्याही नाही. आजाऱ्याचे अंथरूण ज्यांनी रोज धुतले आहे, त्यांना यातले कष्ट सांगायला नकोत. त्याच थडग्यात मग त्यालाही जागा दिली.

ही हाडे बॉनच्याच संग्रहालयात ठेवलेली आहेत.