एका ग्रामोपाध्यायाचा वारसा

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथांत बिशपाची सत्ता नाहीं. मंडळीचे वडील व धर्मोपदेशक मिळून कारभार पाहतात. अशा पंथांतील खेड्याच्या उपाध्यायाचें चरित्र म्हणजे रविवारचीं प्रवचनें, विवाह, अंत्यविधि आणि आजाऱ्यांची विचारपूस, एवढेंच असावयाचें. एअरशायर परगण्यांतील गॅल्स्टन येथें १८२४ पासून १८७८ सालीं देह ठेवीपर्यंत हेंच व्रत चालविणाऱ्या रॉबर्ट स्टर्लिंगचें नांव मात्र आज यंत्रशास्त्राच्या ग्रंथांत आढळतें.

स्टर्लिंगचा जन्म १७९० सालीं पर्थशायरमधील मेथ्वेनजवळ शेतकरी कुटुंबांत झाला. आजोबा मायकेल यांनीं मळणीचें यंत्र केल्याची नोंद आहे. म्हणजे यंत्राची आवड घरांतीलच. १८१६ सालीं त्याला किल्मार्नॉक येथें धर्मदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षीं त्यानें उष्ण हवेच्या इंजिनाचें पेटंट मागितलें. कोंडलेली हवा एका टोकाला तापते, दुसऱ्या टोकाला निवते, व तिच्या प्रसरण-आकुंचनानें दट्ट्या हलतो. तापलेली हवा निवण्यास जातांना जी उष्णता वाया जावयाची, ती वाटेंतच अडवून परततांना तिच्याच पदरीं घालावयाची, ही त्याची खरी कल्पकता. या भागाला त्यानें काटकसरीवरूनच नांव दिलें होतें.

कल्पना निर्दोष होती; धातु मात्र दुबळा होता. धाकटा भाऊ जेम्स इंजिनियर होता. त्याच्या साह्यानें १८४३ सालीं डंडी येथील कारखान्यांत असें मोठें इंजिन चालूं लागलें. परंतु बिडाचीं भांडीं अखंड आंचेनें पुनःपुन्हा फुटलीं व थोड्याच वर्षांत तेथें पुन्हा वाफ आली. बेसेमरचें पोलाद आधीं मिळतें तर आपलें यंत्र यशस्वी झालें असतें, तें काम आतां पुढील काळच्या कुशल कारागिरानें करावें, असें वृद्ध स्टर्लिंगनें १८७६ सालीं लिहून ठेविलें.

त्याच्या पांच मुलांपैकीं डेव्हिड धर्मोपदेशक झाला. बाकीचे चौघे इंजिनियर. विल्यम व रॉबर्ट यांनीं दक्षिण अमेरिकेंत रेल्वेचें काम केलें. पॅट्रिक डंडीच्या त्याच कारखान्यांत काकाच्या हाताखालीं शिकला. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठीं १८७० सालीं त्यानें केलेलें, सुमारें ८ फूट व्यासाच्या चाकांचें इंजिन अद्यापि जतन केलेलें आहे. धाकटा जेम्सहि रेल्वेच्या इंजिनांचा प्रमुख झाला, आणि पॅट्रिकचा मुलगा मॅथ्यू यानेंहि तोच मार्ग धरिला. जिच्याशीं वडिलांच्या यंत्राची स्पर्धा, त्या वाफेवरच मुलांनीं कीर्ति मिळविली!

पुत्रानें पित्याचें अपुरें कार्य पुरें करावें, अशी आपल्याकडे जुनी अपेक्षा आहे. त्या मापानें हा वारसा बुडाला असेंच म्हणावें लागेल. पण मुलांना मिळालें तें यंत्र नव्हे, तर विचार करणारे हात. अपुरें यंत्र पुढें परक्यांनींच उचललें. १९३० नंतरच्या दशकांत हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें तें पुन्हा हातीं घेतलें, आणि १९९० नंतर स्वीडनच्या पाणबुड्यांना त्यानें खोल पाण्यांत निःशब्द गति दिली. घराण्याला एक मिळालें, जगाला दुसरें. गॅल्स्टनच्या उपाध्यायाचें कांहींच वाया गेलें नाहीं.