परक्या देहाची वंशावळ

परग्रहावरचा बुद्धिमान जीव काढ म्हटले की शाळकरी मूलही मोठे डोके, टपोरे डोळे आणि काटकुळे हातपाय काढून मोकळे होते. असा जीव आजवर कोणी पाहिलेला नाही, तरी त्याच्या देहाला अठराशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्याचा माग काढत आपण दुसऱ्या शतकात, युफ्रेटीस नदीकाठच्या सामोसाटा गावच्या लूशियनपाशी पोहोचतो. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या या विनोदकाराने थापाड्या प्रवासवर्णनांची टर उडवण्यासाठी चंद्राची सफर रचली. त्याचे चंद्रवासी गर्भ पोटरीत वाढवतात, डोळे काढून ठेवतात आणि हरवले तर शेजाऱ्याचे उसने आणतात. हे देह असे का, हा प्रश्न लूशियनला पडत नाही. थट्टेला कारण लागत नाही.

ते कारण पहिल्यांदा शोधले खगोलवेत्त्या योहानेस केप्लरने. त्याने १६०९च्या सुमारास ‘सोम्नियम’ म्हणजे ‘स्वप्न’ नावाची एक कथा लिहिली, पुढे त्यावर स्वतःच टिपांची भर घातली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १६३४मध्ये ती छापली गेली. चंद्रावर आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा एक दिवस आणि तेवढीच लांब रात्र असते, हे केप्लरला गणिताने ठाऊक होते. मग अशा भाजणाऱ्या उन्हात आणि गोठवणाऱ्या रात्रीत टिकेल तो देह कसा असेल? त्याने तिथे अवाढव्य वाढणारे, अल्पायुषी, सापाच्या वळणाचे जीव कल्पिले. त्यांची कातडी सच्छिद्र. ऊन चढले की ते गुहांत शिरतात किंवा पाण्यात बुडी मारतात, आणि पाण्यामागे धावण्यासाठी काहींना उंटापेक्षाही लांब पाय आहेत. डार्विनच्या सव्वादोनशे वर्षे आधी, परिस्थिती देहाला आकार देते ही कल्पना इथे, एका स्वप्नकथेत, अवतरलेली दिसते.

पुढचा टप्पा शनीचा टायटन हा उपग्रह शोधणाऱ्या ख्रिस्तियान हायगेन्झचा. त्याचे ‘कॉस्मोथेओरोस’ हे पुस्तकही मरणोत्तर, १६९८मध्ये निघाले. हायगेन्झने हवामान बाजूला ठेवून कामाकडे पाहिले. इतर ग्रहांवरही खगोलवेत्ते असणार. वेध घ्यायचा तर उपकरणे हवीत, उपकरणे घडवायची तर हात हवेत, आणि आकाश न्याहाळायचे तर डोळे हवेत. अशा रीतीने परका जीव दोन पायांवर ताठ उभा राहिला. मात्र बुद्धी माणसाच्याच आकारात नांदते असे मानणे हा निव्वळ पूर्वग्रह आहे, अशी पुस्ती जोडायला हा सावध डच विद्वान विसरला नाही.

या सगळ्या देहांना एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे पूर्वज. ते जिथे होते तिथे जणू तयारच उतरले होते. १८५९मध्ये डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’ आले आणि प्रत्येक देहामागे घराणे शोधणे भाग पडले. हा धडा साहित्यात आणला एच. जी. वेल्सने. डार्विनचा खंदा पाठीराखा टी. एच. हक्स्ली याच्या वर्गात तो प्राणिशास्त्र शिकला होता. १८९८च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधले मंगळवासी म्हणजे जवळजवळ नुसती डोकी: पचनसंस्था झडलेली, तोंडाभोवती सोळा शुंडके. एके काळी ते आपल्यासारखेच असावेत, पण यंत्रांवर विसंबता विसंबता मेंदू आणि हात वाढले, बाकी देह गळून गेला, असा तर्क वेल्सचा निवेदक करतो. मुलांच्या चित्रातले ते मोठे डोके याच कुळातले.

पण घराण्याचा हिशेब मांडला की अडचणही दिसू लागते. डार्विनसोबत नैसर्गिक निवड मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १९०४मध्ये आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत लिहिले, की माणूस घडवणारी बदलांची लांबलचक साखळी दुसरीकडे जशीच्या तशी पुन्हा घडणे जवळपास अशक्य आहे. १९६४मध्ये जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसनने हाच मुद्दा ‘सायन्स’ नियतकालिकात धारदार केला आणि मानवसदृश परग्रहवासीयांची आशा सोडायला सांगितले. या वादाचा पुरावा मिळाला तो कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकात. १९०९मध्ये चार्ल्स वॉलकॉटला तिथे सापडलेल्या जीवाश्मांत ओपाबिनिया होता: पाच डोळे आणि पुढे सोंड, सोंडेच्या टोकाला चिमटा. जीवाश्मतज्ज्ञ हॅरी व्हिटिंग्टनने १९७२मध्ये ऑक्सफर्डच्या एका बैठकीत त्याचे चित्र दाखवले तेव्हा सभागृह हसले. जीवाश्मतज्ज्ञ स्टीफन जे गूल्डला १९८९मध्ये या जीवाश्मांत इशारा दिसला: इतिहासाची फीत पुन्हा पहिल्यापासून चालवली तर माणूस येईलच असे नाही. उलट व्हिटिंग्टनचाच शिष्य सायमन कॉन्वे मॉरिस याने २००३मध्ये बजावले, की वाटा निराळ्या असल्या तरी उत्क्रांती त्याच त्या मुक्कामांवर पोहोचते. एकाने पूर्वजांची बाजू घेतली, दुसऱ्याने परिस्थितीची. केप्लर आणि वॉलेस जणू नव्या नावांनी भांडत होते.

या वाटेच्या आजच्या टोकाला आपण येतो ते ऑक्टोपसपाशी. त्याचे नि आपले घराणे पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्याच्या सुमारे पन्नास कोटी चेतापेशींपैकी बहुतेक डोक्यात नसून आठ बाहूंत आहेत, तरी तो कोडी सोडवतो. त्याच्या डोळ्यात मात्र आपल्या डोळ्यासारखेच भिंग आहे, तसाच पडदा आहे. पाहण्याची गरज एक, म्हणून डोळा एक. परंतु आपल्या पडद्याचे चेतातंतू पुढून निघतात आणि त्याला भोक पाडून मागे जातात, म्हणून तिथे अंधबिंदू उरतो. ऑक्टोपसचे चेतातंतू मागूनच निघतात, त्याला अंधबिंदू नाही. डोळा परिस्थितीने दिला, त्याची जोडणी पूर्वजांनी. दूरच्या एखाद्या ग्रहावरून कोणी आपल्याकडे पाहत असेल, तर त्याला डोळे असतील असे केप्लरच्या बाजूने म्हणता येईल. पण त्या डोळ्यांत अंधबिंदू आहे की नाही, हे त्याच्या पूर्वजांनी केव्हाच ठरवून टाकलेले असेल.