उड्डाण अनुकारी

विमान प्रत्यक्ष हवेत न नेता उड्डाणाचा अनुभव जमिनीवर निर्माण करणाऱ्या साधनास उड्डाण अनुकारी असे म्हणतात. व्यवहारात त्यासाठी सिम्युलेटर हाच शब्द रूढ झाला आहे. वैमानिकाने नियंत्रक दांडा वा पायाखालचे सुकाणू हलविल्यास खरे विमान किती वळेल, किती उंची गमावेल व उपकरणे काय दर्शवितील, याचे गणित संगणक दर सेकंदास अनेक वेळा करतो आणि त्याची उत्तरे उपकरणफलक, दृश्यपट व काही प्रकारांत हलणारा मंच यांच्याद्वारे वैमानिकापर्यंत पोहोचवितो. अशा साधनाची यंत्रसामग्री व आज्ञावली निवडणे हा खर्चाचा प्रश्न आहेच. परंतु मुख्यतः खऱ्या विमानातील कोणती गोष्ट हुबेहूब हवी आणि कोणती वगळली तरी चालेल, हे ठरविण्याचा तो प्रश्न आहे. ही निवड चुकली, तर विद्यार्थी चुकीची सवय मुरवून घेतो व ती सवय घेऊनच आकाशात जातो.

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास या विषयाचा संबंध जुन्या भंडारा जिल्ह्याशी येतो. गोंदियाजवळील बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. युद्ध संपल्यावर तिचे महत्त्व उरले नाही. भातखाचरे, तलाव व जंगल यांच्या या प्रदेशात ती अनेक वर्षे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. १९९८ साली ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आली. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि बिरसी त्यात समाविष्ट झाले. २००५ च्या अखेरीस भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाने विमानतळ ताब्यात घेतला. त्यानंतर काही वर्षांतच प्राधिकरण व कॅनडातील सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतून तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. १९४७ साली क्वेबेक प्रांतात कॅनेडियन एव्हिएशन इलेक्ट्रॉनिक्स या नावाने सुरू झालेली ही कंपनी जगातील प्रमुख अनुकारी-निर्मात्यांपैकी एक आहे. युद्धासाठी आखलेल्या धावपट्टीवर अनुकारी बनविणाऱ्या कंपनीने प्रशिक्षण केंद्र चालवावे, यात योगायोगाचा भाग थोडा आहे. कारण अनुकारीचा पहिला मोठा प्रसारही त्याच युद्धात झाला.

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात, १९१० च्या सुमारास, फ्रान्समध्ये अँतोनेत विमानाच्या विद्यार्थ्यांसाठी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवून केलेले एक साधन वापरीत. साहाय्यक ते हातांनी डोलवीत आणि विद्यार्थी तोल सावरण्याचा सराव करी. खरी प्रगती मात्र अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावच्या एडविन लिंक याने केली. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील भाते, झडपा व निर्वात पंप यांच्या साहाय्याने त्याने १९२९ च्या सुमारास एक छोटी विमानाकृती पेटी तयार केली. दांडा हलविला की भाते फुगत वा आकसत आणि पेटी त्यानुसार कलत असे. आरंभी करमणुकीच्या जत्रांखेरीज तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. १९३४ साली अमेरिकन सैन्यदलावर टपाल वाहून नेण्याचे काम सोपविण्यात आले, तेव्हा ढग व धुके यांत केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची सवय नसल्याने थोड्या आठवड्यांत अनेक वैमानिक दगावले. त्याच वर्षी सैन्याने लिंकच्या सहा पेट्या प्रत्येकी ३,५०० डॉलर किंमतीस घेतल्या. महायुद्ध संपेपर्यंत अशा १०,००० हून अधिक पेट्या तयार झाल्या होत्या.

लिंकच्या पेटीतून बाहेरचे काहीच दिसत नसे. झाकण बंद केले की विद्यार्थ्यापुढे उरत ती फक्त उपकरणे. आजच्या दृष्टीने ही उणीव वाटेल. पण ज्या कौशल्यासाठी ती पेटी होती त्यात बाहेर पाहावयाचेच नसते. दृश्य वगळण्याचा हा निर्णय अचूक होता आणि साधनाची किंमत आवाक्यात राहिली ती त्यामुळेच. पुढील काळातील कित्येक महागड्या साधनांबद्दल असे म्हणता येत नाही.

भात्यांच्या जागी विद्युत् मंडले आली ती १९४० च्या दशकात. १९४८ साली कर्टिस-राइट कंपनीने पॅन अमेरिकन विमान कंपनीसाठी बोइंग स्ट्रॅटोक्रूझर विमानाचा संपूर्ण वैमानिक कक्ष उभारला. त्यात हालचाल नव्हती व दृश्यही नव्हते. परंतु प्रत्येक कळ, दिवा व काटा खऱ्या विमानातल्याप्रमाणे काम करी. त्यातील गणित सदृश संगणक करीत. अशा संगणकात राशी विद्युत् दाबाच्या रूपात असतात; त्यामुळे तापमान बदलले किंवा घटक जुने झाले की उत्तरे हळूहळू सरकत आणि तंत्रज्ञांना साधन वारंवार जुळवून घ्यावे लागे. विमानाचा प्रकार बदलल्यास मंडलेच बदलावी लागत. यंत्रसामग्री व आज्ञावली हा भेद तेव्हा अस्तित्वात नव्हता. तारांची जोडणी हीच आज्ञावली होती.

हा भेद निर्माण होण्यास अनुकारीच कारणीभूत ठरला, ही गोष्ट फारशी परिचित नाही. १९४४ साली अमेरिकन नौदलाने मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेकडे कोणत्याही विमानास लागू पडेल असा अनुकारी मागितला. जे फॉरेस्टर यांच्या चमूस सदृश संगणकाने हे साधणार नाही असे दिसून आले व ते अंकीय संगणकाकडे वळले. त्यातून ‘व्हर्लविंड’ हा संगणक तयार होऊन १९५१ साली कार्यान्वित झाला. उत्तर कधीतरी देऊन चालणार नाही, वैमानिकाचा हात हलताच दिले पाहिजे, या अटीमुळे त्यास वेगवान स्मृती आवश्यक होती; १९५३ साली त्यात चुंबकीय कड्यांची स्मृती बसविण्यात आली व पुढे सु. दोन दशके जगातील बहुतेक संगणक तीच पद्धत वापरीत होते. मूळचा अनुकारी मात्र बाजूला पडला. अंकीय संगणकावर चालणारे उड्डाण अनुकारी प्रत्यक्षात १९६० नंतर आले [→ संगणक].

हालचालीचा प्रश्न निराळ्या मार्गाने सुटला. १९६५ साली डी. स्ट्यूअर्ट या ब्रिटिश अभियंत्याने सहा लांबणाऱ्या पायांवर तोललेल्या मंचाचे वर्णन प्रसिद्ध केले. टायरच्या चाचणीसाठी तसा मंच व्ही. ई. गॉफ यांनी त्याआधीच वापरला होता. असा मंच थोडेसेच अंतर सरकू शकतो, विमान तर काही किमी. धावते. ही अडचण मानवी शरीराच्या एका मर्यादेचा फायदा घेऊन टाळतात. कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियास वेगवाढ व गुरुत्वाकर्षण यांतील फरक ओळखता येत नाही. म्हणून मंच क्षणभर पुढे ढकलून मग सावकाश मागे कलवितात आणि आसनात रेटले गेल्याचा भास होतो. दृश्य व हालचाल यांचा मेळ बसला नाही, तर मात्र वैमानिकास मळमळू लागते. चुकीची हालचाल असण्यापेक्षा हालचाल नसणे बरे, असे या क्षेत्रातील अनेक अनुभवी प्रशिक्षकांचे मत आहे व ते ग्राह्य वाटते.

दृश्यासाठी प्रथम विमानतळ व परिसर यांची भिंतीएवढी प्रतिकृती करून तिच्यावरून दूरचित्रवाणी कॅमेरा फिरवीत. संगणकाने चित्र काढण्यास आरंभ झाल्यावर १९७० च्या दशकातील साधने बहुधा रात्रीचेच दृश्य दाखवीत. कारण काळोखातील दिव्यांचे ठिपके काढण्याइतकीच त्या संगणकांची कुवत होती. तरीही रात्री उतरण्याच्या सरावास ते पुरेसे ठरले. १९८० साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने अनुकारींच्या श्रेणी ठरवून सर्वोच्च श्रेणीच्या साधनावर संपूर्ण प्रकार-प्रशिक्षण देण्याचा मार्ग खुला केला. नियंत्रक हलविल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा विलंब या उच्च श्रेणींत १५० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. विलंब वाढल्यास वैमानिक नकळत जास्तीची दुरुस्ती करतो आणि विमान डोलू लागते.

इतके करूनही अनुकारीची विश्वसनीयता शेवटी ठरते ती आज्ञावलीतील माहितीवरून. वायुबोगद्यातील व प्रत्यक्ष उड्डाणातील चाचण्यांवरून विमानाच्या प्रत्येक स्थितीतील उत्थापन, रोध इ. बलांचे गुणांक कोष्टकरूपाने काढलेले असतात. जेथे चाचणी झालेली नाही तेथे संगणक केवळ अंदाज करतो आणि पडद्यावर तो अंदाज खऱ्याइतकाच ठाम दिसतो. पंखांवरील उत्थापन कोसळण्याची स्थिती, म्हणजे स्टॉल, ही अशीच. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान स्टॉलच्या स्थितीतच अटलांटिक महासागरात कोसळून २२८ जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलोजवळही स्टॉलमुळे अपघात झाला होता. अनेक वर्षे वैमानिकांना स्टॉलच्या केवळ उंबरठ्यापर्यंतच सराव दिला जात असे, कारण त्यापलीकडे अनुकारीचे गणित भरवशाचे नव्हते. अमेरिकेने २०१३ साली पूर्ण स्टॉलचे प्रशिक्षण सक्तीचे ठरविले व २०१६ साली त्यासाठी अनुकारींच्या आज्ञावलीचे निकष वाढविले.

घरगुती संगणकावरील अनुकारीचा उगम ब्रूस आर्टविक याच्या कामात आहे. त्याची आज्ञावली १९८० च्या सुमारास ॲपल-२ संगणकावर व १९८२ साली मायक्रोसॉफ्टतर्फे आयबीएमच्या संगणकावर आली. ती यंत्राच्या कानाकोपऱ्याचा वापर करी; म्हणून एखादा संगणक आयबीएमशी खरोखर सुसंगत आहे की नाही, हे ती चालवून पाहत. पुढे एक्स-प्लेन, खुल्या स्रोताची फ्लाइटगिअर आणि मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावलीवरून लॉकहीड मार्टिनने विकसित केलेली प्रीपार-थ्रीडी या आज्ञावली आल्या. एक्स-प्लेन पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल काढते, इतर अनेक आज्ञावली तयार कोष्टकांवर अवलंबून असतात. पहिली पद्धत नवा आराखडा तपासण्यास सोयीची. ज्याची मोजमापे उपलब्ध आहेत त्या विमानासाठी दुसरी अधिक काटेकोर. २०२० सालच्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून जवळजवळ संपूर्ण पृथ्वी उभी केलेली असून त्यातील भूदृश्य आंतरजालावरून उतरवून घ्यावे लागते. तीस १६ जीबी स्मृती व १५० जीबी साठवण सुचविण्यात आली होती.

असा संच जुळविताना बहुतेकांचा पैसा पडद्यावर व ग्राफिक्स कार्डावर खर्च होतो. शिकाऊ वैमानिकाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. चांगला नियंत्रक दांडा, पायाचे सुकाणू आणि अखंड चालणारा वेगवान प्रक्रियक आधी हवा. कारण उड्डाणाचे मुख्य गणित बहुतांशी प्रक्रियकाच्या एकाच गाभ्यावर होते व तो अडखळला की उत्तम पडदाही अडखळतो. जोडणीनंतर दांड्याची मध्यस्थिती व टोके आज्ञावलीत नोंदवून घ्यावी लागतात, नाहीतर हात सोडला असताही विमान एका बाजूस ओढले जाते. ज्या विमानावर शिकावयाचे त्याचाच उपकरणफलक निवडणे सर्वांत महत्त्वाचे. घरच्या संचावरील तास मात्र अनुज्ञप्तीसाठी धरले जात नाहीत. तपासणीच्या याद्या व रेडिओवरील संभाषण तोंडी बसणे हा त्याचा खरा उपयोग.

बिरसी येथील प्रशिक्षणात डायमंड कंपनीची एक इंजिनाची डीए-४० व दोन इंजिनांची डीए-४२ ही विमाने वापरात आली. त्यांच्या फलकावर काट्यांच्या तबकड्यांऐवजी पडदे आहेत. अशा विमानांसाठी बहुधा मंच न हलणारी प्रशिक्षण उपकरणे पुरेशी मानतात. पडद्यांची भाषा शिकणे आणि उड्डाण घेताच एक इंजिन बंद पडल्यास काय करावे याचा सराव करणे, हे त्यांवर निर्धोकपणे होते. झाडीपट्टीतील पावसाळा जूनपासून सप्टेंबरपर्यंत उड्डाणांत खंड पाडतो, तेव्हा विद्यार्थ्याचा हात चालू ठेवण्याचे कामही तीच करतात.

त्यांची मर्यादा याच परिसरात दिसून आली आहे. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून निघालेले एक डीए-४२ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या पात्रावरील तारेस अडकून कोसळले व प्रशिक्षक आणि विद्यार्थी दोघेही मरण पावले. १८ मार्च २०२३ रोजी त्याच जिल्ह्यातील डोंगराळ भागात दुसरे प्रशिक्षण विमान पडले. त्यातही दोघांचा अंत झाला. नदी, भातखाचरे व डोंगर उपग्रहचित्रांतून आज्ञावलीत येतात. पात्रावर ताणलेली तार कोणी मुद्दाम नोंदविल्याखेरीज येत नाही. अनुकारीच्या वैनगंगेवर कितीही खालून उडाले तरी काहीच अडकत नाही, हे प्रशिक्षकाने विद्यार्थ्यास स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक ठरते.

भारतीय नियमांनुसार वाणिज्य वैमानिकाच्या अनुज्ञप्तीसाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे. केवळ उपकरणांवर उडण्याच्या अर्हतेसाठी लागणाऱ्या ४० तासांपैकी २० तासांपर्यंतचा सराव मान्यताप्राप्त अनुकारीत चालतो. उरलेला प्रत्यक्ष विमानातच करावा लागतो.